घरातलं तिसरं माणूस

"तीन," फेदेले म्हणाला.

"दोन," रोसेला म्हणाली. "मी आणि आई. तिसरं कोण? मांजर?"

फेदेलेने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. कामगार संघटनेच्या या मदत केंद्रात गावातलं प्रत्येक माणूस वर्षातून एकदा येऊन बसायचं आणि आपण किती गरीब आहोत ते फेदेलेकडून छापून घेऊन जायचं. त्या छापील गरिबीवर विजेचं बिल कमी व्हायचं, पोराला शाळेत फुकट जेवण मिळायचं. रोसेलाला त्याच कागदावर शिष्यवृत्ती हवी होती. दूर उत्तरेतल्या तोरिनोच्या विद्यापीठात तिला भूगर्भशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात प्रवेश मिळाला होता. डोंगर का सरकतात, हा तिचा विषय. अर्धं गाव डोंगराबरोबर खाली गेलेलं होतं, त्यामुळे विषय शोधायला तिला लांब जावं लागलं नव्हतं.

पडद्यावर आईचं नाव होतं, पाल्मिरा. खाली तिचं. त्याखाली सावेरियोमामांचं.

"मामा आमच्याकडे राहत नाहीत."

"मला सांगतेस? मागच्या रविवारी एर्मेलिंदाच्या घरी त्यांच्या शेजारी बसून मी मेंढीचं मटण हाणलंय, तिच्या हातचं. ते कुठं राहतात हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. पण शिष्यवृत्तीवाले कुत्र्याला विचारत नाहीत, नगरपालिकेला विचारतात. नगरपालिकेत ते तुमच्या घरात आहेत."

"असू देत. मामांकडे काय आहे? पेन्शनमध्ये भाजीपालाही भागत नाही."

"आज नाही. पण माणसं मोजतात आजची आणि पैसे मोजतात दोन वर्षांमागचे. त्या डिसेंबरअखेर मामांच्या खात्यात निवृत्तीची सगळी रक्कम पडून होती. रेल्वेत चाळीस वर्षं घासली त्यांनी."

"जानेवारीत मुलाला देऊन टाकली ती! जर्मनीत त्याचं दुकान बुडालं, त्यात गेली."

"जानेवारी मोजत नाहीत गं." फेदेलेने चष्मा काढून डोळे चोळले. "मी हे छापलं तर तू श्रीमंत निघतेस. एवढी श्रीमंत की तोरिनोवाले तुला वसतिगृहात खाटसुद्धा देणार नाहीत. महिनाअखेरीच्या आत मामांचं नाव तुमच्या घरातून काढा. मग ये."

"कुठं टाकू ते नाव?"

"ते मला विचारू नकोस," फेदेले म्हणाला. "माझ्या घरात तर नकोच. माझ्याही पोराला शिष्यवृत्ती आहे."

मागच्या हिवाळ्यात मामा उत्तरेतून कायमचे परत आले होते. दोन सुटकेस, एक गुडघा निकामी. तरुणपणी एर्मेलिंदाला शब्द देऊन ते रेल्वेत नोकरीला गेले आणि तिकडेच भलत्या बाईशी लग्न करून बसले. ती बाई सोडून गेली. इकडे एर्मेलिंदाचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात मेला. मग दोघं म्हातारपणी एका टेबलाशी येऊन बसले. गाव हसलं, नंतर हसायचं विसरलं. पण लग्न केलं तर एर्मेलिंदाचं नवऱ्यामागचं पेन्शन बंद होणार. नुसतं मामांचं नाव तिच्या पत्त्यावर टाकलं तर घर जाणार, कारण दरड पडल्यावर सरकारने तिला दिलेलं ते दोन खोल्यांचं घर एकट्या निराधार बाईचं होतं. न कळवता दुसरं माणूस ठेवलेलं सापडलं तरी घर जाणार. म्हणून पाल्मिराने भावाचं नाव आपल्या घरात घेतलं. या गावात असंच चालतं. माणूस एकीकडे जेवतो, दुसरीकडे नोंदवला जातो. सरकार दोन म्हाताऱ्यांना एका छपराखाली सुखाने मरू देत नाही, म्हणून माणसं खोटं बोलतात, आणि सरकार त्यांना खोटारडे म्हणतं.

रविवारी रोसेला आईला घेऊन एर्मेलिंदाकडे गेली. काबुली चण्यांबरोबर शिजवलेल्या रुंद शेवया होत्या, वर तळलेल्या सुक्या मिरच्यांचा चुरा. मामांनी मिरच्यांचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"खा. तोरिनोत या मिळायच्या नाहीत. तिकडची माणसं लोण्यात जगतात."

"मी तोरिनोला जात नाहीये मामा. तुमच्यामुळे."

तिने सगळं सांगितलं. मामा ऐकत राहिले, तोंडातला घास तसाच राहिला. एर्मेलिंदा उठून चुलीशी गेली आणि रिकाम्याच पातेल्यात डाव फिरवू लागली.

"आपल्या जुन्या घरात टाकू नाव," मामा म्हणाले. "बापाच्या."

"ते दरडीत धोक्याचं ठरवलंय. तिथं उंदरालाही नोंद मिळत नाही. आणि ते धोक्याचं आहे हे माझ्याच प्रबंधात लिहिलंय."

"मग कुणा चुलतभावाकडे..."

"विचारलं मी," पाल्मिरा म्हणाली. ती शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासायची, आणि तिचा आवाजही तसाच होता, घासलेला. "चौघांना विचारलं. दादा, पेन्शनर माणूस जेवायला सगळ्यांना चालतो. कागदावर कुणालाच नको."

"म्हणजे इथंच टाकायचं," रोसेला म्हणाली. "जिथं राहता तिथं. खरं तेच लिहायचं. एवढं काय अवघड आहे?"

एर्मेलिंदा वळली. "खरं लिहायचं तर मला रस्त्यावर टाकून लिही, पोरी. माझं एक घर तुझ्या त्या डोंगराने नेलं. हे दुसरं तू ने."

"मी डोंगर ढकलला नाही, मावशी."

"नाही. तू शिकलीस फक्त."

"एर्मेलिंदा!" मामा टेबलावर हात आपटून ओरडले.

"काय एर्मेलिंदा? चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही गेलात तेव्हा मी कुणावर ओरडले का? आता तोंड उघडलं तर टेबलावर हात आपटता?"

रोसेला ताट तसंच टाकून उठली. पाल्मिरा तिच्यामागोमाग घरी निघाली. दाराशी आल्यावर पाल्मिरा म्हणाली, "कर्ज काढू."

"जामीन कोण? तू? अर्ध्या दिवसाच्या पगारावर?"

"पुढच्या वर्षी जा मग."

"पुढच्या वर्षी प्रवेश नव्याने, आई. पुढच्या वर्षी मी तुझ्या शेजारी उभी राहून भांडी घासत असेन आणि तू म्हणशील, त्याच्या पुढच्या वर्षी जा."

पाल्मिराने कुलूप उघडलं. तिने स्वतः शिवणाचा वर्ग पुढच्या वर्षावर टाकला होता, रोसेला पोटात असताना.

सोमवारी रोसेला नगरपालिकेत गेली. घरातल्या कुणालाही लिहून देता येतं की अमुक माणूस आमच्याकडे राहत नाही. मग नगरपोलीस येऊन पाहतो आणि नाव काढतो. खिडकीतल्या बाईने विचारलं, "मग राहतात कुठं?" रोसेला म्हणाली, "ते तुम्ही शोधा." बाईला शोधायची गरज नव्हती. तिने फक्त भुवई उचलली, शिक्का मारला. रोसेलाने लिहिलं ते अक्षरन् अक्षर खरं होतं. बाहेर आल्यावर तिने चौकातल्या नळावर बोटाला लागलेली शाई घासून धुतली.

गावात शिक्का वाळायच्या आत बातमी पोचते. दोन दिवसांनी मामा दारात उभे होते. हातात एक सुटकेस, दुसऱ्या हातात कापडात बांधलेली पाव-चीजची शिदोरी. एर्मेलिंदाने बांधलेली असणार. गाठ तिचीच होती, गच्च.

"सकाळच्या बसने जातो," मामा म्हणाले. "रात्र इथं काढतो. तिकडे पोचलो की लगेच नाव नोंदवतो. तुझा अर्ज वेळेत जाईल."

"तिकडे म्हणजे कुठं?" पाल्मिराने विचारलं.

"मिलानला. बेर्तोल्दोकडे. रेल्वेच्या एकाच केबिनमध्ये पंधरा वर्षं काढलीत आम्ही. नाही म्हणायचा नाही."

"दादा, बेर्तोल्दो मेला. तूच मला फोनवर सांगितलंस. रडत होतास."

मामा जरा वेळ सुटकेसची कडी उघडत-लावत राहिले. "त्याची बायको आहे," ते म्हणाले. "चांगली बाई आहे."

"तिला विचारलंस?"

"विचारतो की. बसमधून फोन करतो."

रोसेला स्वयंपाकघराच्या चौकटीशी टेकून उभी होती. एकदा तरी मामांनी ओरडावं, घरभेदी म्हणावं, तोंडात मारावी, अशी ती वाट बघत होती. मामांनी शिदोरी सोडून चीजचा एक तुकडा तिच्यापुढे धरला.

"घे. एवढं मला एकट्याला कशाला? ती नेहमी दोघांचंच बांधते."

तिने घेतला. चावला. संपवला.

"मावशी काय म्हणाल्या?"

"काही नाही. माझी चादर धुवायला टाकली." मामा हसायला गेले. "मी घरात असतानाच टाकली. एवढी घाई!"

मामा स्वयंपाकघरातल्या बाकावर आडवे झाले, बूट घालूनच. दोघींनी कितीही सांगितलं तरी पलंगावर गेले नाहीत. "पाहुण्याला बाक पुरे," म्हणाले.

सकाळी बसच्या आधी नगरपोलीस आला. कानिओ त्याचं नाव. पाल्मिराने घासलेल्या ताटात शाळेत जेवून मोठा झालेला, त्यामुळे दारातच टोपी काढून उभा राहिला.

"काकू, चौकशीला आलोय. अर्ज आहे ना तो." त्याने रोसेलाकडे पाहायचं टाळलं. "सावेरियो इथं राहतात की नाही, एवढंच लिहायचं. राहत नसतील तर पुढं मला त्या दुसऱ्या घरीही जावं लागेल. सरकारी घर आहे म्हणून."

आतून मामांच्या बुटांचा आवाज आला. ते सुटकेस घेऊन बाहेर यायला निघाले होते.

"राहतात," रोसेला म्हणाली.

कानिओने आता तिच्याकडे पाहिलं. "तूच लिहून दिलंयस, राहत नाहीत म्हणून."

"भांडण झालं होतं. रागात दिलं."

"रोसेला," मामा दारातून म्हणाले, "बस चुकेल माझी."

"कुठली बस? तुम्ही बसा आत. आई, मामांना कॉफी दे."

कानिओने वही उघडली, परत मिटली. "मला पलंग बघावा लागतो. नियम आहे. झोपायची जागा बघितल्याशिवाय सही करता येत नाही."

या घरात पलंग दोनच होते. रोसेला त्याला आपल्या खोलीत घेऊन गेली. भिंतीवर डोंगराचा नकाशा होता, तिने स्वतः रंगवलेला. कुठं माती धरून आहे, कुठं सुटलीय, ते दाखवणारा. फळीवर दगड ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. उशीजवळ तोरिनोहून आलेलं जाड पाकीट.

"हा," ती म्हणाली. "मामांचा पलंग."

कानिओ दगडांकडे बघत राहिला. "सावेरियो दगड गोळा करतात?"

"करतात."

त्याने लिहिलं. खिशातून दुसरं पेन काढलं, पहिलं उठत नव्हतं म्हणून, आणि पुन्हा नीट लिहिलं.

"आणि तू कुठं झोपतेस?"

रोसेलाने पाकीट उशीजवळून उचललं आणि पलंगावरची चादर तळहाताने सारखी केली.

"आईजवळ," ती म्हणाली.

कानिओने तेही लिहून घेतलं, आणि खाली तिची सही घेतली.