पाण्यातला लाल गोळा

मित्रांनो, मी एक जुना लाल लाकडी गोळा आहे, लिंबाएवढा. पण आधीच सांगतो, मी खेळणं नाही. माझं नाव ऑक्सिजन!

माझा जन्म बेंगळुरूजवळच्या चन्नपट्टणचा. तिथं लाकडी खेळणी करतात. मंजुनाथ नावाच्या कारागिराने कुड्याचं लाकूड फिरवून मला गोल केलं आणि वर लाखेचा लाल रंग चढवला. मला वाटलं, आपण आता एखाद्या बाहुलीचं डोकं होणार. पण त्याने मला दोन तिरकी भोकं पाडली आणि काळ्या-पांढऱ्या गोळ्यांबरोबर एका पेटीत टाकलं. मी फार हिरमुसलो.

ती पेटी अनुसूयाअक्कांनी मागवली होती. जे. पी. नगरात त्या घरी रसायनशास्त्राची शिकवणी घेत. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी शब्द सहज येत. त्यांच्याकडे काळा गोळा म्हणजे कार्बन, पांढरा म्हणजे हायड्रोजन आणि लाल म्हणजे आम्ही. काड्यांनी जोडून त्या आमची माल्टोज नावाची साखर करत. दोन ग्लुकोज एकमेकांना धरून उभे! माझे सगळे लाल भाऊ त्या साखरेतच खपत. मी तेवढा उरायचो. मग मला दोन पांढरे गोळे जोडून अक्का पाण्याचा रेणू करत.

रेणू तुटण्याचे प्रकार शिकवताना माझी खरी चैन असे. उष्णतेने तुटला तर औष्णिक विघटन, उजेडाने तुटला तर प्रकाश विघटन, यीस्टने साखर फोडली तर किण्वन, आपल्या शरीरात मोठ्या रेणूंचे लहान रेणू होतात तो अपचय. आणि पाण्याने तुटला तर जलविघटन. ते माझं काम!

"नुसतं ओढायचं नाही," अक्का बजावत. "तुटलेलं टोक उघडं सोडायचं नाही. पाणी स्वतः तुटतं आणि दोन्हीकडे स्वल्प स्वल्प देतं." मग एका पांढऱ्यासह मी या टोकाला बसे, दुसरा पांढरा त्या टोकाला. मुलं माना डोलवत आणि मी फुशारून जाई.

पुढे मुलं मोबाइलवरच रेणू बघू लागली. शिकवणी बंद झाली आणि पेटी माळ्यावर गेली. लाख फिकी झाली, काही काड्या वाळवीने खाल्ल्या. आमची कुणी विचारपूससुद्धा केली नाही.

मग एके दिवशी अक्कांच्या नातीने, मनस्विनीने पेटी खाली काढली. तिची परीक्षा होती. घरात मात्र सगळ्यांची तोंडं उतरलेली. अक्कांचा मुलगा प्रणीत आणि सून प्रियदर्शनी, दोघांचीही ऑफिसं सर्जापूर रोडला. तिकडे फ्लॅट घेतलेला आणि सकाळी सामानाचा ट्रक येणार होता.

"आई, रोजचे तीन तास ट्रॅफिकमध्ये जातात हो," प्रियदर्शनीने कितीदा समजावलं होतं.

"सरी, ठीक आहे, जावा की. मी काय धरून ठेवलंय?" एवढं म्हणून अक्कांनी सुनेशी बोलणंच टाकलं होतं. सून डोळे पुसत स्वयंपाकघरात डबे बांधत होती. मला दोघींचंही वाईट वाटत होतं. लाकडाला काय कळतं, असं म्हणू नका!

मनस्विनीने जमिनीवर साखर जोडली आणि खसकन ओढून तोडली. अक्कांना राहवेना.

"अगं, असं काय तोडतेस? पाणी कुठाय?"

"अज्जी, तुटलं ना शेवटी?"

"दोन्ही टोकं उघडी पडलीत बघ."

त्या खाली बसल्या. मला इकडे बसवलं, पांढऱ्याला तिकडे. आणि हात तिथंच थांबला. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग उठल्या, हुळीच्या, म्हणजे सांबाराच्या, मसाल्याची बरणी काढली आणि निम्मा मसाला एका डब्यात भरला.

"प्रिया, हा घेऊन जा. तुझ्या हाताला याची सवय झालीय. संपला की सांग, करून देते."

प्रियदर्शनीने पर्समधून एक किल्ली काढली आणि अक्कांच्या हातात ठेवली. "नव्या घराची आहे, आई. तुमच्याकडेच असू दे. बेल वाजवून यायचं नाही." मग दोघीही रडल्या. मला हायसं वाटलं.

सकाळी निघताना अक्कांनी पेटी मनस्विनीला दिली. पण त्याआधी मला आणि दोन पांढऱ्यांना बाहेर काढून घेतलं.

"अज्जी, पाणीच काढून घेतलंस? मग मी तोडू कशी?"

"रविवारी पेटी घेऊन इकडं ये. तोडायचं ते माझ्यासमोर तोडायचं."

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी पडलं असेल. त्याला अधूनमधून खाली काढा, फडक्याने पुसा, वाळवीपासून जपा. आम्ही एवढ्यावरही खूश असतो.

आता मी खिडकीत त्या किल्लीशेजारी राहतो. आज रविवार. फाटक वाजलंय, आणि अक्कांनी मला पदराने पुसून मुठीत घेतलंय.