पाच अँपिअरचा जीव

मित्रांनो, मी एक जुना, थकलेला कनेक्टर आहे. दोन वायरींची टोके एकमेकांशी घट्ट जोडून ठेवणे, एवढेच माझे काम.

माझे अंग चिनी मातीचे. भट्टीत भाजून निघालो, पोटात दोन पितळी नळ्या बसल्या, त्यांवर चार स्क्रू आले आणि पाठीवर आकडा उमटला: पाच अँपिअर. एवढा प्रवाह मी बिनतक्रार वाहून नेईन, असा त्याचा अर्थ.

पहिली अकरा वर्षे मी एका घरात छताच्या पंख्याजवळ होतो. पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. वायरमन एकदा वर चढून म्हणाला, "काका, या घरात हा एकच सांधा धड आहे." त्या शाबासकीवर मी पुष्कळ दिवस काढले. पुढे पंखा बदलला आणि मी खिळ्यांच्या डब्यात पडलो.

मग न्हाणीघरातला गिझर दुसऱ्या भिंतीवर गेला. वायर वीतभर कमी पडली, तेव्हा घरातल्या आजोबांनी मला शोधून काढले.

"बाबा, वायरमनला बोलवू या ना," सून म्हणाली.

"अगं, दोन वायरी तर जोडायच्यात! त्यात तो काय वेगळे दिवे लावणार?"

गिझरची वायर जाड, बारीक तारांचा जुडगाच. माझ्या भोकात ती शिरेना. आजोबांनी पकडीने निम्म्या तारा छाटल्या आणि उरलेल्या पिळून आत कोंबल्या.

"बसली की नाही?" ते खुशीत म्हणाले.

बसली खरी. पण गिझर नऊ अँपिअर ओढतो. रोज सकाळी मी तापायचो, मग निवायचो. तापता-निवता स्क्रू सैल झाले, आणि सैल झाल्यामुळे मी आणखीच तापू लागलो. फार दमलो होतो मी.

"बाबा, जळका वास येतोय."

"नव्या रंगाचा असेल गं."

एका सकाळी आजोबांची सहा वर्षांची नात, टिल्लू, आत अंघोळ करत होती. तिच्या डोक्यावर, भिंतीवर, मी चरचरत होतो. वायरीचे प्लॅस्टिक वितळून तारा उघड्या पडू लागल्या होत्या. फ्यूज उडाला नाही. घराच्या मानाने प्रवाह जास्त नव्हताच, माझी वाट तेवढी अरुंद होती. सुनेने चरचर ऐकली, मेन स्विच पाडला आणि साबणाने माखलेल्या लेकीला उचलून बाहेर आणले.

"आई, डोळ्यांत साबण गेला!" एवढीच टिल्लूची तक्रार.

वायरमन आला. "तारा कोणी छाटल्या?"

आजोबा पुढे झाले. "मीच."

"काका, कनेक्टरसाठी वायर कापायची नसते. वायरीची जाडी आणि तिच्यावरचा भार बघून कनेक्टर घ्यायचा."

त्याने जळका भाग काढून टाकला, तीस अँपिअरचा कनेक्टर लावला, प्रत्येक वायर ओढून पाहिली आणि सगळे झाकणाच्या डबीत बंद केले. मला खिडकीत ठेवले.

दुसऱ्या सकाळी टिल्लू अंघोळीला गेली, तेव्हा आजोबा दाराबाहेर उभे होते.

"आजोबा, जा ना तुम्ही!" ती आतून ओरडली.

"जातो," ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

मी आता कचऱ्यात जाईन. त्याचे दुःख नाही, उलट विसावाच मिळेल. पण मित्रांनो, घरात कोणी वायर जोडायला घेतली, तर हा कनेक्टर किती भार सोसेल ते विचारा, आणि कुणाला ठाऊक नसेल तर जाणकाराला बोलवायचा हट्ट धरा. 'हे मला झेपणार नाही' असे आम्हाला म्हणता येत नाही. आम्ही नुसते तापतो.