शेडमधलं गाणं

गुरम्माअक्का सभागृहाच्या मागच्या दारातून आत आल्या आणि फरीदाचं बोलणं मध्येच तुटलं. तिच्यासमोर पंचाक्षरी सर उभे होते. लातुरातल्या एका मोठ्या शिकवणीचे मालक, आजच्या महिला संगीत मेळाव्याचे यजमान. "या अक्का, या," म्हणत त्यांनी हात जोडले आणि घाईनं निघून गेले. फरीदा पेटीचा भाता उगीच उघडमीट करू लागली.

"काय बोलू लागली हुतीस?"

"काही नाही अक्का. माईकचं."

माईकचं बोलायला आवाज कशाला खाली करावा लागतो? अक्कांच्या मनात पाल चुकचुकली.

भूकंपाला दहा वर्षं झाली होती. गाव उठून नव्या गावठाणात गेलं, त्याआधी पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढताना अक्कांनी बायकांना गोळा करून भजन सुरू केलं होतं. पहिले काही दिवस बायका नुसतेच ओठ हलवायच्या. मग त्याच शेडमध्ये त्यांनी एक गाणं रचलं. एकेका ओवीत एकेक गेलेलं माणूस, नावानिशी. ते वर्षातून एकदा, त्याच तारखेला, दार लावून म्हणायचं. परक्यापुढं कधीच नाही, असं ठरलेलं.

फरीदा मंडळात आली ती चार वर्षांपूर्वी. पेट्या दुरुस्त करणाऱ्या मकबूलभाईंची ही लेक लातुरात शाळेत संगीत शिकवायची आणि दर मंगळवारी एसटीनं गावात यायची. सूर पक्के बसावेत म्हणून तिनं मंडळाची सगळी गाणी वहीत उतरवून घेतली होती. तेही.

शिकवणीच्या ऑफिसातली एक पोरगी हातात कागद घेऊन आली. "अक्का, तुमच्या घरातले दोघं ना? ईश्वरप्पा आणि गौरम्मा? नावं बरोबर हाइत का बघता?"

नवऱ्याचं आणि धाकट्या लेकीचं नाव या पोरीच्या तोंडी कुठून आलं? आणि दोघंच कसे? सून वर्षाराणीचं तान्हं बाळही त्याच पहाटे गेलं होतं. ज्यानं यादी दिली त्याला तेवढं मात्र आठवलं नाही?

तेवढ्यात मंचावर मागचा छापील पडदा चढला. एका बाजूला पडलेल्या घरांचा ढिगारा, दुसऱ्या बाजूला बोर्डात आलेल्या मुलांचे फोटो, मधोमध हात जोडलेले पंचाक्षरी सर. खाली ठळक अक्षरात, 'ढिगाऱ्यातून गुणवत्तेकडे'. अक्का सावकाश वाचत गेल्या आणि त्यांना लख्ख दिसलं, शेडमधलं गाणं शिकवणीच्या जाहिरातीला हवं होतं. त्या तडक मागच्या खोलीत गेल्या. तिथं कंधारच्या मंडळातली नाझनीन ढोलकी लावत होती. अक्कांना तिचंही भान राहिलं नाही.

"फरीदा, आमची मढी ईकलीस व्हय गं?"

तिथं तयार होत असलेल्या मंडळाच्या बायकांनी वळून पाहिलं.

"मी?" फरीदाचा चेहरा उतरला. "अक्का, तीनदा गेले मी सरांकडं. मंडळ ते गाणं बाहेर म्हणत नाही, म्हणून बजावून आले. आत्ताही तेच सांगत होते."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही सगळ्यांना घेऊन उठून गेला असता. दोन महिने राबल्यात ह्या. चुकलं माझं. पण नावं मी दिली नाहीत."

"वही तुझ्याकडं हाय."

"गाणं काय वहीतच हाय का अक्का? ह्या सगळ्यांना पाठ हाय की."

अक्कांनी एकेकीच्या तोंडाकडं पाहिलं. कुणी रोखून बघत होती, कुणी गोंधळली होती. वर्षाराणी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत उभी होती.

"मी दिली, आत्याबाई," ती म्हणाली. "माझ्या शिवलीलाला सरांच्या शिकवणीत जूनच्या बॅचला जागा न्हाई म्हणाले. मग सर म्हणाले, भूकंपाचं गाणं म्हणा, नावं द्या, बघू. पोरीचं भलं व्हावं म्हणून दिली." तिनं पदराचं टोक सोडलं. "बाळाचं न्हाई देववलं मला."

रागानं अक्कांची जीभ शिवशिवत होती, पण ते शेवटचं वाक्य ऐकून त्या दाराकडं वळल्या. बाहेर निवेदिकेनं मंडळाचं नाव पुकारलं. "आता ऐकूया, भूकंपग्रस्त भगिनींचा आक्रोश!"

अक्का मंचावर गेल्या आणि त्यांनी माईक हातात घेतला.

"आमच्या माणसांची नावं आमच्या घरात हाइत," त्या म्हणाल्या. "ती मांडायला आम्ही आलो न्हाई. नागपंचमीला धरतो तो फेर आज हितं धरतो."

मागोमाग आलेल्या मंडळाच्या बायकांनी मंचावरच्या खुर्च्या मागं सारल्या. हे गाणं तयारीत नव्हतं. फरीदा दोन ओळी चाचपडली, मग तिला पट्टी सापडली. नाझनीन कुणी न बोलावता ढोलकी घेऊन आली आणि मंचाच्या कडेला बसली. तिसऱ्या कडव्याला शिरूर अनंतपाळच्या बायका वर चढल्या, मग अहमदपूरच्या. फेर एवढा मोठा झाला की मागचा पडदा दिसेनासा झाला. पहिल्या रांगेत पंचाक्षरी सर फोटोवाल्याच्या कानाशी लागले होते.

उतरताना त्यांनी अक्कांना गाठलंच. "अक्का, ठरलं होतं वेगळं."

"कुणाशी ठरलं हुतं? माझ्याशी?"

शिवलीलाला ती जागा मिळाली नाही. जूनमध्ये ती अहमदपूरला, मामाकडं राहून शिकू लागली. वर्षाराणी आठ दिवस सासूशी बोलली नाही, आणि अक्कांनीही तिला बोलतं केलं नाही.

पण जिव्हारी लागलं ते फरीदाचं. परतताना टेंपोतून आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरताना ती म्हणाली होती, "चार वर्षं झाली अक्का. आणि पहिला शक माझ्यावर?" पुढच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मग अक्काच एसटी धरून लातूरला गेल्या. मकबूलभाईंच्या दुकानात, पेट्यांच्या सुट्या पट्ट्यांत फरीदा बसली होती. तिनं बसायला स्टूल पुढं सरकवलं, चहा मागवला आणि एका पट्टीवरची धूळ पुसू लागली.

"तूच असणार, असं मला लगेच का वाटलं, ते मला ठावं हाय," अक्का म्हणाल्या. "त्याची लाज वाटू लागलीय."

फरीदानं हातातली पट्टी खाली ठेवली.

"मला पण ठावं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच यावंसं वाटेना."

चहा आला. कप अक्कांच्या हातात देत फरीदानं विचारलं, "मंगळवारची साडेतीनची गाडी अजून हाय ना?"

"हाय," अक्का म्हणाल्या. "मी फाट्यावर येते."