बेडकीचा पाला

तानाबाईच्या पायाचा अंगठा कापावा लागला, तेव्हा तिचा भाचा प्रसेनजीत प्रयोगशाळेत उंदरांच्या रक्तातली साखर तपासत होता. निरोप मिळाला तसा तो शाहूपुरीतल्या दवाखान्यात धावला.

पीएच.डी.साठी तो बेडकीच्या पाल्यावर काम करत होता. वैद्य या वेलाला मधुनाशिनी म्हणतात. पाल्यातला नेमका कुठला घटक साखर उतरवतो, ते त्याला शोधायचं होतं. मलकापूरच्या वरच्या रानातून पाला आणून द्यायची ती आत्याच. तिला स्वतःला कित्येक वर्षांपासून साखरेचा आजार.

गेल्या भीमजयंतीला तो मलकापूरला गेला, तेव्हा त्याचा पहिला प्रयोग नुकताच जमला होता. जेवताना सगळ्यांदेखत तो म्हणाला, "आत्या, तुझ्या पाल्यानं उंदरांची साखर उतरली बघ!" मग त्यानं तिला एक पान चघळायला लावलं आणि वर चिमूटभर साखर दिली.

"आगं बया, माती लागतीया की!" आत्या हरखून गेली. "साखर मेलीच म्हणायची!"

जिभेला गोड न कळणं वेगळं आणि रक्तातली साखर उतरणं वेगळं, हे अगदी त्याच्या ओठांवर आलं होतं. पण सगळे इतक्या कौतुकानं बघत होते, की तो नुसता हसला.

आता आत्या खाटेवर पडली होती. "ह्योच माझा भाचा," तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितलं. "साखरंचं औषध हुडकलंय ह्येनं."

"आत्या, गोळ्या घेत होतीस न्हवं?"

"गोळ्या कशाला? जयंतीपास्नं पालाच खातोय की मी. ठेच लागल्याली कळलीच न्हाय, जखम चिघळत गेली. माझंच चुकलं, पाला कमी पडला आसंल."

शेजारची बाई उठून बसली. "पावणं, मलाबी द्या की थोडा."

प्रसेनजीत गप्प राहिला असता, तर त्याचा मान राहिला असता.

"मावशी, गोळ्या सोडू नगा. त्ये आजून औषध न्हाय. फकस्त उंदरांवर बघितलंय. माणसाला किती द्यायचं, लागू पडतंय का, मलाच ठावं न्हाय." मग तो आत्याकडं वळला. "तुझं न्हाय चुकलं. माझ्यामुळं गेला तुझा अंगठा."

आत्यानं उशीवरून मान वर केली. "मग त्या दिशी हासलास कशाला?"

त्यानं पाण्याचा पेला पुढं केला, तो तिनं घेतला नाही.

"वस्तीत चिमणाबाईबी पाला खातीया," भिंतीकडं तोंड फिरवून ती म्हणाली. "मीच दिलाय. जा, सांग तिला."

तो तसाच स्टँडवर गेला आणि मलकापूरची एसटी धरली. चिमणाबाई दारातच बसली होती. सगळं ऐकून ती आत गेली, गोळ्यांची पुडी शोधून घेऊन बाहेर आली. "आंगठा तुटल्यावर सांगाय आलास व्हय रं?"

"व्हय," तो म्हणाला. "आजून कुणाकुणाला दिलाय आत्यानं?"

तिनं वस्तीच्या टोकाकडं हात केला. मान खाली घालून तो तिकडं चालू लागला.