भगवानरावांचा गोरा लेप

रुख्मिणी चौथी पास झाली आणि त्याच आठवड्यात तिच्या काकांना शोध लागला. दोन्ही गोष्टी एकाच घरात एकदम घडायला नको होत्या, पण घडल्या.

आधी शोधाचं. भगवानराव शेतकरी, पण शेतापेक्षा विचार जास्त करायचे. लोणारच्या खाऱ्या तळ्याकाठी हरवलेला बैल शोधताना त्यांना दिसलं, की वैशाखाच्या उन्हात सगळं रान करपलंय आणि पाण्यावरचं शेवाळ मात्र हिरवंगार. काठच्या खारट मातीतली चिवळीची भाजीसुद्धा टवटवीत, जणू आत्ताच न्हाऊन आली. वर सूर्य, खाली मीठ, तरी यांना काही होत नाही? म्हणजे यांच्या अंगात कोणीतरी राखणदार बसलाय. तो काढून माणसाच्या तोंडाला फासला की ऊन बाधणार नाही.

इथपर्यंत काकांचं डोकं बरोबर चाललं होतं. पुढे ते बीबी गावच्या बाजारात गेलं.

"साहेब लोकं गोरे काऊन राह्यतात?" लेपाच्या डब्या मांडून ते विचारायचे. "समुद्राकाठचे हायत ते. समुद्रात काय असते? शेवाळ!" नागपूरच्या मोठ्या साहेबाला त्यांनी एक डबी टपालाने धाडली होती. उत्तर आलं नाही. "त्याले आता काय गरज?" काका म्हणायचे, आणि लोकांना ते पटायचं.

आता चौथीचं. पाचवी लोणारला, त्यांच्या वाडीपासून दोन कोस, सगळा उघडा माळ. वाडीतली चार पोरं रोज जात होती. ती काळी पडतात की निळी, हे कोणी बघत नव्हतं. पण रुख्मिणीचा विषय निघाला तसे काका म्हणाले, "उन्हानं काळी पडशीन. मंग कोन करीन तुले?"

वडील नव्हते. घरात काकांचा शब्द शेवटचा. आई, पुष्पाबाई, चुलीशी वाकून म्हणाली, "राहू दे वं माय." रुख्मिणीने राहू दिलं, बरोबर बाजारच्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी गर्दी चांगली होती. ती डब्यांमागे उभी राहिली आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काकाजी, हा लेप लावून दोन कोस चाललं तं?"

"काहीच होत नाही."

"रोज चाललं तं?"

"रोज चाल नं."

"वर्षभर?"

"सात वर्षं चाल!" काका रंगात आले होते.

"मंग सोमवारपासून मी लोणारच्या शाळेत जाईन."

देऊळघाटचे हिंमतराव, बैल बघायला आलेले, खो खो हसले. "आता पाठवा, भगवानराव. नाही तं डब्या गुंडाळा."

काकांनी मिशीवरून हात फिरवला. "पाठवतो. पन ज्या दिवशी काळी पडली, त्या दिवशी शाळा बंद. सगळ्यायसमोर सांगून राह्यलो."

अशी ती शाळेत गेली, हिरवं तोंड घेऊन. वास असा, की कुजकं अंडं बरं. वाटेतल्या शेळ्या चिवळीच्या आशेने मागे लागायच्या. वर्गात अख्खी तरटपट्टी तिची एकटीची झाली. एवढी ऐसपैस जागा मास्तरांनाही नव्हती. भूगोल, दशांश अपूर्णांक, सगळं तिने पाय पसरून शिकून घेतलं.

इकडे डब्या खपायला लागल्या आणि काकांचे गुडघे दुखायला लागले. तळ्याचा उतार काही थोडाथोडका नाही. डब्यांतलं शेवाळ कमी होत गेलं, पिवळी माती वाढत गेली. दिवाळीपर्यंत डबीत शेवाळ म्हणजे फक्त वास. रुख्मिणीच्या ते लक्षात आलं. शाळा सुटल्यावर एकदा ती स्वतः तळ्यात उतरली, मडकंभर शेवाळ घेऊन आली, आणि रोज सकाळी चिवळीबरोबर ठेचून डाव्या हाताच्या दंडाखाली रुपयाएवढं लावून, ती बाही वर दुमडून शाळेला जायला लागली. तोंडाला काकांचा लेप, हाताला आपला. बघू तरी, कोण जिंकतं.

फाल्गुनात तोंड जांभळासारखं झालं.

दुपारी जेवताना काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. घास खाली ठेवला. "काळी पडली. उद्यापासून शाळा बंद."

आईचा हात परातीतच थांबला. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. पण ती हळूच म्हणाली, "बरं. बाजारात कोनी इचारलं, शाळा काऊन सुटली, तं काय सांगू?"

काकांनी तो घास पुन्हा उचलला आणि कितीतरी वेळ चावला.

बाजारात हिंमतराव होतेच. "भगवानराव, पोट्टी तं तव्यावानी दिसून राह्यली."

"कोन? हे? डोळे दाखवा तुमचे बुलढान्याच्या दवाखान्यात. दुधावानी पोरगी हाय."

डबी घेतलेली दहा-बारा माणसं तिथे उभी होती. त्यांनी रुख्मिणीकडे बघितलं, मग एकमेकांकडे. एक जण म्हणाला, "गोरीच हाय." दुसऱ्याला तर ती आधीपेक्षा उजळलेली वाटली.

"आन् तुमची सून, सोजराबाई?" काकांनी विचारलं. "लावते नं लेप दोन महिन्यांपासून? ते काळी झाली काय?"

हिंमतराव पुढे झाले, वाकले, रुख्मिणीच्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहिलं. "हाव," ते म्हणाले, "जवळून पाह्यलं तं गोरीच हाय."

"मंग काकाजी, शाळा?"

"शाळेचं काय?" काका खेकसले. "चालूच हाय नं ते."

ती डब्या लावायला खाली बसली आणि झंपराची डावी बाही खाली ओढून घेतली. आत रुपयाएवढा डाग होता, बाजूच्या कातडीपेक्षा चांगला उजळ, काठाकाठाने अगदी गोल. शेवाळाबद्दलचं काकांचं म्हणणं खरं होतं. परीक्षा होईपर्यंत तरी ती ते त्यांना सांगणार नव्हती. एकदा कळलं असतं, तर त्यांनी नुसतं बोलून बोलून मारलं असतं.