पंचफुलाबाईची रास

नाल्याच्या एका काठाला मंगरूळ तालुका, दुसऱ्या काठाला वाशीम, अन् मधल्या वळणात माळ्यांची वस्ती. इथली वांगी दोन्ही तालुक्यांना हवी, वस्ती मात्र कोणालाच नको! मागं हैज्याची साथ आली तेव्हा दवाईची गाडी नाल्यापर्यंत आली आणि 'ही हद्द आमची नाही' म्हणून परतली. त्या साथीत नवरा गमावलेली पंचफुलाबाई अजून कोणालाही अडवून विचारायची, "माहा मालक कोनत्या तालुक्यात मेला, सांगा ना!"

यंदा एकतीस सालची शिरगणती. तहसीलदार बोलला होता, शंभर माणसं भरली तर वस्तीचं गाव लिहू, तालुका नेमून देऊ. पंचफुलाबाईनं तेवढं ऐकलं अन् पदर खोचला.

गणतीला आलेले मंगरूळचे युनूस मास्तर घरोघर फिरून तिच्या खळ्यावर टेकले. "बाई, सत्तरही भरून नाही राह्यले. एवढ्या घराइत लेकरू एकबी नाही?"

असेल कसं! झाडून सारी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत दडवली होती. लेकरं मोजली की दृष्ट लागते, म्हणून विचारलं तर आया म्हणणार, 'हायेत देवाच्या दयेनं', अन् पुढं गप्प. त्यात पंचफुलाबाईची जाऊ तुळसाबाई. मागच्या गणतीत तिनं एकटीनं चार लेकरं सांगितली होती, आणि त्यातली दोन हैज्यात गेली. बाया तोच दाखला द्यायच्या.

पंचफुलाबाईचं डोकं तापलं. समोर ज्वारीची रास पडली होती, बाजूला मापायची पायली. तिच्याकडे पाहता पाहता बाई एकदम उठली.

"अवं बायाहो! रास मोजतो तवा पह्यल्या पायलीले एक म्हनतो का आपन? लाभ म्हनतो! आजपावतर कोनाच्या राशीले दृष्ट लागली? आना लेकरं खळ्यावर. मोजनी नाही, रास भरू!"

बाया हसल्या, कुजबुजल्या. पण पहिलं लेकरू कोणाचं? साऱ्यांच्या माना तुळसाबाईकडे वळल्या.

"मी नाही," तुळसाबाई म्हणाली. "मी एकडाव सांगून बसली. दोन गेले माह्ये."

पंचफुलाबाईला राग यायचा तो आला नाही. तिनं जावेचा हात धरला.

"तुनं सांगितलं म्हनून नाही गेले वं ते. आमी नाही सांगितलं म्हनून गेले. वस्ती भरली नाही, अन् गाडी वापस गेली. माहा मालक त्यातच गेला, अन् त्या गणतीले मीबी असीच गप्प होती."

तुळसाबाई पऱ्हाटीत शिरली. बाहेर आली तेव्हा कडेवर तिची धाकटी होती, हैज्यानंतर झालेली, आजवर कोणाला न सांगितलेली. तिनं पोरीला राशीजवळ उभं केलं आणि डोळे मिटून म्हणाली, "लाभ."

मग काय! पऱ्हाटी हलायला लागली. मळकी, शेंबडी, खिदळणारी लेकरं खळ्यावर धावली, अन् पंचफुलाबाई मापाऱ्यासारखी एकेकाला उचलून पलीकडे ठेवत गेली. "दोन... तीन..." मास्तरांच्या वहीत शंभर कधीच मागं पडले, तरी ती थांबेना.

"बस बाई, भरलं गाव," युनूस मास्तर हसत म्हणाले. "पन तालुका कोनता येईल, ते काई मले सांगता येत नाही."

"येऊ द्या कोनताबी," पंचफुलाबाई कपाळाचा घाम पुसत म्हणाली. "आता गाडी नाल्यावरून फिरवून तर दाखवा म्हना!"

तुळसाबाईनं धाकटीला उचललं नाही. तशीच साऱ्यांच्या पुढं उभी राहू दिली.