भाता एकीकडे, बोटं दुसरीकडे

दमलोय हो मी, मित्रांनो! काम करून नव्हे, गप्प बसून. मी ख्रिस्ती प्रार्थनामंदिरातला एक जुना ऑर्गन आहे. शिसवी अंग, पिवळट पडलेल्या पट्ट्या आणि पाठीशी चामड्याचा भला मोठा भाता. सुताराने मला घडवलंच असं, की एकाने दांडा हलवून भाता भरायचा आणि दुसऱ्याने वाजवायचं. एकट्याचं कामच नाही!

वर्षानुवर्षं दोन जावांनी मला सांभाळलं. थोरली वाजवायची, धाकटी भाता भरायची. त्यांच्या सासूबाईंना ऐकू येत नसे. त्या माझ्या कुशीला तळहात लावून बसायच्या आणि लाकडातून गीत ओळखायच्या. "आज घाई केलीस गं," असं थोरलीला वर सुनावायच्याही!

मग भांडण झालं. उपासनेतल्या प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारस सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायचा, की ज्याने त्याने आपल्या छोट्या प्याल्यातून? शब्दाने शब्द वाढला आणि एका मंडळीच्या दोन झाल्या. एका प्याल्याची मंडळी लवकर जमे, छोट्या प्याल्यांची उशिरा. एक बाहेर पडे, दुसरी आत येई, कोणी कोणाकडे बघत नसे. लवकरच्यांत थोरली गेली, उशिराच्यांत धाकटी. थोरली दुसऱ्या कुणाला दांडा धरू देईना. म्हणे, "त्याला तिचाच हात लागतो." आणि तिकडे वाजवणारं कुणी नाही. मी आपला कोळिष्टकं पांघरून उभा! भात्यात उंदरांनी संसार थाटला.

सासूबाई मात्र दोन्हीकडे यायच्या. तळहात लावायच्या, वाट बघायच्या, मुकाट्याने काढून घ्यायच्या. तेव्हा मला जीव अगदी नकोसा व्हायचा.

एका रविवारी लवकरची उपासना संपली, तरी त्या उठेनात.

"आई, चला ना!" थोरलीने हाताने खुणावलं.

"नाही उठणार."

तेवढ्यात धाकटी आली आणि दारातच थबकली.

"कान गेलेत माझे, डोळे नाही," सासूबाई म्हणाल्या. "दोघींची फुगलेली तोंडं दिसतात मला. प्याल्याचं मागाहून बघा. माझे दिवस थोडे राहिलेत. रिकाम्या हाताने मी जाणार नाही."

थोरली खालमानेने बसली. पट्ट्या दाबल्या. नुसती टकटक.

"वाऱ्याशिवाय कसा वाजेल, जाऊबाई?" धाकटी पुटपुटली.

"मग तुला काय आमंत्रण पाठवू, धाकटे?"

धाकटीने बाह्या सरसावल्या. आधी धूळ उडाली, मग उंदरांच्या चिंध्या, आणि मग दमेकऱ्यासारखा मी घरघरलो. गीत वाजलं! बेसूर, पण वाजलं! बाहेर पडलेली माणसं पायऱ्यांवरून माघारी आली. उशिराची धाकटीमागून आत आलीच होती. गर्दीत कोण कुठल्या प्याल्याचं, कळेना.

"घाई केलीस," सासूबाई म्हणाल्या. तळहात मात्र त्यांनी काढला नाही.

वाद अजून मिटलेला नाही, मित्रांनो. तो मिटवणं माझ्यासारख्या लाकडाच्या आवाक्यातलं नाही. पण आता दोन उपासनांच्या मधे एक गीत होतं, आणि तेवढ्यापुरतं कुणी बाहेर जात नाही. माझ्या भात्याला ठिगळ लावा, पट्ट्या पुसा, हे मागणं आहेच. पण आधी एक ऐका. कुणाशी कितीही बिनसलं, तरी दांडा सोडून जाऊ नका. रागवायचंच असेल ना, तर दांडा धरून रागवा!